माजी सैनिक संघटना गावात नेमकं काय काम करते? – अनुभव धागा

कृष्णाकाठ
जयहिंद मंडळी. चावडीची भिंत रंगवायला काढली, तेव्हा पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी पुन्हा नजरेस पडली. सातारा-रत्नागिरीकडच्या बऱ्याच गावांत अशी पाटी आहे. इंग्रजीत मजकूर: १९१४-१९ च्या युद्धात या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. आकडा आहे, नाव एकाचंही नाही. म्हणून हा धागा. तुमच्याकडे संघटना शाल-श्रीफळापलीकडे काय करते ते लिहा, पण असं लिहा की वाचून दुसऱ्या गावाला ते करता येईल.

सुरुवात नावांपासून. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो. नुसतं आडनाव टाकलं तर हाती काही लागत नाही, कारण कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय. बऱ्याच नोंदींत 'अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, सातारा' एवढी माहिती असते, म्हणून गावाचं नाव तीन-चार स्पेलिंगांनी टाकून बघायचं. पलटण माहीत असेल तर काम सोपं. १०३, ११० आणि ११७ मराठा या पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात होत्या, त्यामुळे आपल्याकडची बरीच नावं बसरा स्मारकाच्या यादीत निघतात. फ्रान्समध्ये पडलेले न्यूव्ह शापेलच्या स्मारकाच्या यादीत. नाव सापडलं की घराण्याशी ताळा जमवायचा. आमच्या पट्ट्यात घराण्यांच्या पिढ्यांची नोंद ठेवणारे हेळवी येतात, त्यांच्या वहीतली वंशावळ इथे फार कामाला येते.

बेळगाव_नाका
उत्तम विषय. पाटीला ऑइल पेंट लावू देऊ नका आणि फरशी धुवायचं ॲसिड तर अजिबात नको, संगमरवर खातं ते. साधं पाणी, मऊ ब्रश. नवी पाटी करणार असाल तर काळा ग्रॅनाइट घ्या, अक्षरं खोल कोरून घ्या, वरून नुसती रंगवलेली चार पावसाळ्यांत जातात. क्रम ठेवा हुद्दा, नाव, पलटण, ठिकाण, तारीख. हुद्दा मृत्यूच्या वेळचा, रेकॉर्डमध्ये असेल तोच. दगडवाल्याला द्यायच्या आधी कागद प्रत्येक घरी नेऊन सही घ्या. कोरल्यावर वेलांटी दुरुस्त होत नाही, आणि घरच्यांना ती चूक रोज दिसते.

फलटणची_मावशी
स्मारक हवंच, पण आमचा निम्मा वेळ पेन्शनर वारल्यानंतरच्या कागदांत जातो, ते लिहिते. स्वयंपाक व्हायचाय, जमेल तसं.

मृत्यूचा दाखला एक-दोन नाही, आठ-दहा प्रती काढा. बँक, स्पर्श (संरक्षण पेन्शनची ऑनलाइन यंत्रणा), ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), सैनिक बोर्ड, कॅन्टीन कार्ड, विमा, जो तो प्रत मागतो. त्या महिन्यात एटीएममधून पेन्शन काढत बसू नका. मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम सरकार परत घेतं, आणि मग वहिनींच्या, म्हणजे त्याच्या पत्नीच्या, फॅमिली पेन्शनमधून कापली जाते. आधी स्पर्शवर मृत्यूची नोंद. आपल्याला जमत नसेल तर सेवा केंद्रावर जा, पण स्पर्शचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, दाखला, वहिनींचं आधार, पॅन आणि पासबुक बरोबर असू द्या.

फॅमिली पेन्शन पहिल्यांदा शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांनी येते. निवृत्तीनंतर मृत्यू झाला असेल तर ती सात वर्षं, किंवा जवान ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, जे आधी होईल ते. पुढे ३० टक्के. ही तारीख वहिनींना पहिल्याच दिवशी वहीवर लिहून द्या. नाहीतर एक दिवस पेन्शन अचानक खाली येते आणि बाई घाबरून जाते की आपलं काय चुकलं. तिचं काहीच चुकलेलं नसतं.

आणि ऐंशी. वय ८० झालं की २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, शंभरीला दुप्पट. वीरपत्नींनाही लागू आहे. पण पीपीओवर बाईंची जन्मतारीखच नसेल तर वाढ आपोआप लागत नाही. आमच्या तालुक्यात सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकलेले असतात.

माणदेशी_७१
मावशी, हे प्रिंट काढून संघटनेच्या खोलीत लावतो.

गडहिंग्लजकर
एक विचारायचं होतं. शेजारच्या आजींचं नाव डिस्चार्ज बुकात 'सुलाबाई', आधारवर 'सुलोचना'. आजोबा आहेत अजून, ८४ वय. आत्ता काही करावं का?

फलटणची_मावशी
आत्ताच करा, आजोबा सही करू शकतात तोवरच. नंतर हेच काम वर्षभर रेंगाळतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, जोडीने काढलेला फोटो, आजोबांचा अर्ज, हे सगळं सैनिक बोर्डामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचं. पलटण कुठली? मराठा असेल तर बेळगाव, महार असेल तर सागर, तोफखाना असेल तर नाशिक रोड. अर्जावर आर्मी नंबर ठळक लिहा. तिथे पार्ट टू ऑर्डर (सेवानोंदीतल्या बदलाचा आदेश) निघते, मग दुरुस्त पीपीओ. आजींची जन्मतारीख त्याच अर्जात घाला. दोनदा फेरा नको. आणि पोचपावती सोडू नका.

गडहिंग्लजकर
मराठाच. उद्याच जातो त्यांच्याकडे. मावशी, लाख आभार.

नाशिकरोडचा_गनर
त्याच अर्जात अजून एक बघा. घरात दिव्यांग मूल असेल, किंवा विधवा, घटस्फोटित, अविवाहित मुलगी अवलंबून असेल, तर तिचं नाव आई-वडील हयात असतानाच नोंदवून घ्या. दोघं गेल्यावर सिद्ध करणं फार जड जातं.

हयातीच्या दाखल्याबद्दलही लिहितो. जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून होतो, बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांसाठी ते बरं. चूक दोन ठिकाणी होते. मंजुरी देणारं खातं 'डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद' आणि पेन्शन देणारं 'स्पर्श' निवडायचं. लोक सवयीने बँक निवडतात आणि जुना पीपीओ नंबर टाकतात. दाखला निघतो, पण पोचत नाही. मग पेन्शन थांबली की धावपळ. संघटनेने नोव्हेंबरात एक रविवार शाळेच्या वर्गात बसावं. दोन फोन, चांगला उजेड, पाठीमागे साधी भिंत, एवढं पुरतं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचं.

विटा_स्टँड
अंत्यविधीबद्दल कोणीतरी लिहा. परवा एका गावात निवृत्त हवालदारांच्या पार्थिवावर तिरंगा घातला आणि पोलिसांनी काढायला लावला. घरच्यांना फार लागलं.

बेळगाव_नाका
फार लागतं, आणि संघटनेने आधी सांगितलं तर ते टळतं. ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा फक्त शासकीय, लष्करी आणि केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीतच पार्थिवावर घालता येतो. घरी वारलेल्या निवृत्त जवानाला घालता येत नाही. त्याने माणसाचा मान कमी होत नाही. पांढऱ्या चादरीवर संघटनेचा ध्वज, वर टोपी आणि पदकं, दोन्ही बाजूंना माजी सैनिक बेरे घालून. पुष्पचक्र वाहिल्यावर सगळ्यात ज्येष्ठ माणसाने 'सॅल्यूट' म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम. एवढं शिस्तीत झालं की गाव आपोआप शांत होतं.

कर्तव्यावर वीरगती असेल तेव्हा सगळं पलटणीकडे आणि जिल्हा प्रशासनाकडे असतं. तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याकडे. चितेआधी ध्वज काढून, घडी करून कुटुंबाला देतात, तो जाळायचा नसतो. तेव्हा संघटनेचं काम गर्दी मागे ठेवणं. पुढच्या रांगेत आई, बायको, पोरं. फोटोसाठी पुढे येणाऱ्यांना हात जोडून बाजूला करायला दोन दणकट माणसं नेमा.

कृष्णाकाठ
हे शेवटचं सोन्यासारखं लिहिलंत साहेब.

माणदेशी_७१
बिगुलवाला कुठून आणता? २६ जुलैला, कारगिल विजय दिवसाला, आमच्याकडे दरवेळी अडतं.

नाशिकरोडचा_गनर
जिल्हा पोलिस बँड नाहीतर एनसीसी, महिनाभर आधी पत्र द्या. कोणीच नाही मिळालं तर रेकॉर्डिंग. 'लास्ट पोस्ट' आणि 'राउज' या बिगुलाच्या धुना फोनमध्ये उतरवून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाका. मौनात रिंगटोन वाजली तर सगळं गेलं. क्रम: पुष्पचक्र, लास्ट पोस्ट, दोन मिनिटं मौन, मग राउज. भाषणं सगळी नंतर. वीरमाता उन्हात उभ्या राहणार नाहीत एवढं बघा, मांडव त्यांच्यासाठी आधी.

विटा_स्टँड
आणि खुर्चीवर नावाची चिठ्ठी. नाहीतर पुढारी बसतात.

देवगडची_सून
मुलांच्या शिक्षणाबद्दल. हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांच्या मुलांना केंद्रीय सैनिक बोर्डाचं शिक्षण अनुदान आहे, दोन मुलांपर्यंत. मुलीच्या लग्नाचं अनुदान आहे, पण लग्नानंतर १८० दिवसांच्या आत अर्ज हवा, नोंदणी दाखला लवकर काढा. पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरच्यांना दरमहा मदत. या तिन्हींची रक्कम १ नोव्हेंबर २०२५ पासून दुप्पट झाली आहे: शिक्षण दरमहा २०००, लग्न १ लाख, वृद्धांना दरमहा ८०००. पंतप्रधान शिष्यवृत्ती वेगळी, बारावीला ६० टक्के आणि व्यावसायिक पदवीला प्रवेश हवा. मुलींना दरमहा ३०००, मुलांना २५००. अर्ज बाद होतात ते बहुतेक बँक खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून, आणि स्कॅन पुसट म्हणून. मोबाइलवर सावली पडलेला फोटो टाकू नका.

ताई-मावशींनो, घरपट्टी माफीचा अर्ज ग्रामपंचायतीत दिलाय का? २०२० पासून राज्यात आहे, विधवांनाही, एका राहत्या घरापुरती. बऱ्याच जणी अजून भरतात.

गडहिंग्लजकर
हे माहीतच नव्हतं. आजींना हेही सांगतो.

फलटणची_मावशी
सांगा. आणि ईसीएचएसचं कार्ड वहिनींनी स्वतःच्या नावाचं नव्याने काढायचं, पतीच्या कार्डावर पुढे चालत नाही. रात्री-अपरात्री यादीबाहेरच्या दवाखान्यात न्यावं लागलं तर दोन दिवसांत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा, नाहीतर बिल अडकतं. पॉलिक्लिनिकचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवा.

माणदेशी_७१
सशस्त्र सेना ध्वजदिन राहिला की. ७ डिसेंबर. निधीचा डबा फिरवण्याआधी सैनिक बोर्डाकडून पावती पुस्तकं घ्या, विनापावती पाच रुपयेही घेऊ नका. शाळांत जाताना दोन माजी सैनिक गणवेशाच्या टोपीत पाठवा, पोरं प्रश्न विचारतात.

कृष्णाकाठ
पाटीवरच्या आकड्यातली पाच नावं लागली, तीन अजून शोधतोय. 'अपसिंगा', 'अपशिंगे' अशा वेगवेगळ्या स्पेलिंगांनी कोणी आपल्या गावांच्या नोंदी काढून ठेवल्या असतील तर इथे टाका, शेजारच्या गावांनाही लागतील.