मदत हवी आहे: रामडाच्या पाइपमध्ये कन्व्हर्ज टाकलं की बिलात आकड्याऐवजी नॅन येतोय

नमस्कार मंडळी, ऐरोलीहून ठाण्याला लोकलने येता येता मोबाईलवरून टाईप करतोय त्यामुळे कोड पेस्ट करता येत नाहीये, शब्दांत सांगतो.

घोडबंदर रोडच्या एका हाउसिंग सोसायटीसाठी मेंटेनन्सची बिलं काढायचं छोटं टूल बनवतोय. जावास्क्रिप्ट आणि रामडा (छोटी फंक्शन जोडून काम करायची जावास्क्रिप्टची लायब्ररी). प्रत्येक फ्लॅटचं एक रेकॉर्ड, ते पाइपमधून जातं, म्हणजे एका फंक्शनचं उत्तर पुढच्या फंक्शनला. पहिली पायरी रिकाम्या फील्डमध्ये शून्य भरते, दुसरी पायरी एकूण रक्कम काढते, तिसरी पायरी मॅथ राउंडने रुपये पूर्ण करते. एवढंच. पाइप मुद्दाम घेतलाय, कंपोझ नाही, कारण कंपोझ उजवीकडून डावीकडे वाचावं लागतं आणि हे टूल पुढे सोसायटीतलाच एक कॉलेजचा मुलगा सांभाळणार आहे, त्याला वरून खाली वाचता आलं पाहिजे हा माझा हट्ट आहे.

दुसऱ्या पायरीत कन्व्हर्ज आहे. म्हणजे एकच रेकॉर्ड दोन ब्रांचना (दोन वेगळ्या फंक्शनना) द्यायचं, एक ब्रांच सर्व्हिस चार्ज काढते, दुसरी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज काढते (फ्लॅट भाड्याने दिला असेल तर, सर्व्हिस चार्जच्या 10 टक्के, त्याहून जास्त लावता येत नाही), आणि दोन्हींची बेरीज. सर्व्हिस चार्ज 3000 असेल तर 300 वरचे, एकूण 3300. इथपर्यंत सगळं बरोबर येत होतं.

मग थकबाकीवरच्या व्याजाची तिसरी ब्रांच घातली. व्याजाच्या फंक्शनला दोन गोष्टी लागतात, आधी रेकॉर्ड आणि मग बिलाची तारीख, आणि ते मी रामडाच्या करीनेच करी केलंय (म्हणजे आर्ग्युमेंट, फंक्शनला द्यायच्या गोष्टी, कमी दिल्या तर ते उरलेल्यांची वाट बघणारं नवं फंक्शन परत देतं). तेव्हापासून सगळ्या बिलांवर नॅन (नॉट अ नंबर, म्हणजे हा आकडाच नाही). ज्याची एक पैसा थकबाकी नाही त्याच्याही बिलावर नॅन!

डोकं चक्रावणारी गोष्ट पुढे आहे. कन्व्हर्ज एकटं काढून कन्सोलवर रेकॉर्ड आणि तारीख दोन्ही देऊन चालवलं तर आकडा अगदी बरोबर येतो. पहिली पायरी काढून टाकली आणि कन्व्हर्जलाच पाइपमध्ये पहिलं ठेवलं, आणि पाइपला रेकॉर्ड, तारीख दोन्ही दिलं, तरी बरोबर येतो. फक्त दुसऱ्या नंबरवर ठेवलं की बिघडतं. एरर काही येत नाही म्हणून जास्त वैताग.

दुसरा प्रश्न असा की कन्व्हर्जऐवजी रामडातलंच लिफ्ट किंवा एपी वापरलं तर हे सुटेल का? एपी फंक्शनवर कसं चालतं ते कुणी मराठीत नीट सांगेल का, डॉक्युमेंटेशनमधलं एका ओळीचं उदाहरण वाचून काही उलगडलं नाही. "साधा फॉर लूप लिही" असं कृपया सांगू नका, मला हे खरंच समजून घ्यायचंय.

प्रतिसाद:
पाइपमध्ये कन्व्हर्जच्या लगेच पुढे आर डॉट टॅप घालून त्यात कन्सोल लॉग द्या. टॅप आलेली व्हॅल्यू जशीच्या तशी पुढे सोडतं त्यामुळे बाकी काही बिघडत नाही. तिथे आकडा नाही, एक फंक्शन छापलेलं दिसेल बघा. आणि मॅथ राउंडला फंक्शन दिलं की नॅनच येणार.

कारण असं की कन्व्हर्ज जे फंक्शन बनवून देतं ते करी केलेलं असतं, आणि त्याला किती आर्ग्युमेंट लागणार हे सगळ्यात जास्त आर्ग्युमेंट घेणाऱ्या ब्रांचवरून ठरतं. आधी दोन्ही ब्रांच एक-एक घेणाऱ्या होत्या म्हणून चाललं. व्याजाला दोन लागतात, म्हणून आता सगळं कन्व्हर्जच दोनाची वाट बघतंय. पाइपमध्ये फक्त पहिल्या फंक्शनला कितीही आर्ग्युमेंट चालतात, पुढच्या प्रत्येकाला मागच्याने दिलेली एकच व्हॅल्यू मिळते. म्हणजे तारीख दुसऱ्या पायरीपर्यंत पोचतच नाही.

उपाय: व्याजाच्या फंक्शनमध्ये तारीख आधी घ्या, रेकॉर्ड शेवटी. रामडात बहुतेक सगळीकडे हाच क्रम आहे, डेटा शेवटी. मग ब्रांचमध्ये नुसतं व्याज न लिहिता तारीख भरलेलं व्याज लिहा, उरलेलं फंक्शन एकच आर्ग्युमेंट मागेल. क्रम बदलायचा नसेल तर पहिली दोन आर्ग्युमेंट उलटी करणारं फ्लिप आहे, नाहीतर एखाद्या आर्ग्युमेंटची जागा रिकामी ठेवणारा दोन अंडरस्कोरवाला प्लेसहोल्डर आहे. आणि पाइप एका बाहेरच्या फंक्शनमध्ये ठेवा जे तारीख घेईल, म्हणजे महिना बदलला की नुसती तारीख बदलून नवा पाइप मिळेल.

प्रतिसाद:
वर दादांनी सांगितलंय ते बरोबर, मी एपीचं सांगते. एपीला दोन फंक्शन दिली, समजा एफ आणि जी, आणि नंतर एक्स दिला, की आधी एफला एक्स मिळतो, जीला पण तोच एक्स मिळतो, आणि एफकडून आलेल्या फंक्शनला जीचं उत्तर दिलं जातं. म्हणून एफ करी केलेलं हवं. हा कॉम्बिनेटर लॉजिकमधला (नुसती फंक्शन एकमेकांना लावून सगळं मांडायची गणिताची शाखा) एस. तुमचा पाइप आणि कंपोझ म्हणजे त्यातल्या बीचीच (एका फंक्शनचं उत्तर दुसऱ्याला देणारा) लांब साखळी. गणितज्ञ शॉनफिंकेल यांनी 1920 साली गॉटिंगेनच्या व्याख्यानात हे मांडलं, 1924 ला छापून आलं, पुढे हॅस्केल करी यांनी वाढवलं, करी करणं हे त्यांच्याच आडनावावरून.

पण लिफ्ट किंवा एपीने तुमचा प्रॉब्लेम सुटणार नाही. तिथेही प्रत्येक ब्रांचला एकच रेकॉर्ड जातं, व्याज परत तारखेसाठी अडून बसेल आणि बेरजेत नॅनच येईल. तारीख आधी भरणं हाच मार्ग. तीन ब्रांच असतील तर कन्व्हर्जच ठेवा, नवीन मुलाला ते जास्त लवकर कळेल.

हाच आर्ग्युमेंटच्या संख्येचा घोळ साध्या जावास्क्रिप्टमध्ये पण आहे. तीन वेळा '10' असलेल्या ॲरेच्या मॅपला (प्रत्येक व्हॅल्यूवर फंक्शन चालवणारा) पार्सइंट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) दिलं तर 10, नॅन, 2 येतं, कारण मॅप इंडेक्स (कितवी व्हॅल्यू ते, शून्यापासून) पण पाठवतो आणि पार्सइंट त्याला आकड्याचा बेस समजतं. रामडाचा मॅप एकच व्हॅल्यू पाठवतो, त्यामुळे तिथे तीनही वेळा 10 येतं.

धागाकर्ता:
टॅप घातलं, फंक्शनच छापलं गेलं! क्रम उलटा केला, तारीख आधी भरली, आता सगळी बिलं बरोबर येतायत, भाड्याच्या फ्लॅटची पण. दोघांचे मनापासून आभार. एक शेवटचं, व्याज करी न करता साधं ठेवलं आणि तारखेला डीफॉल्ट आजची दिली तर चालेल का?

प्रतिसाद:
रेकॉर्ड आधी आणि तारीख शेवटी ठेवलीत तर चालेल, कारण डीफॉल्ट दिलेलं आर्ग्युमेंट फंक्शनच्या लेंग्थमध्ये (आर्ग्युमेंटच्या मोजलेल्या संख्येत) मोजलं जात नाही, कन्व्हर्जला ती ब्रांच एकाचीच दिसेल. पण मागच्या महिन्याचं बिल परत काढायला गेलात की व्याज आजच्या तारखेचं लागेल आणि सभासद भांडायला येतील. तारीख बाहेरूनच द्या.