काढा, फांट, अर्क की निष्कर्षण?

गवतीचहा: एका लेखाचं भाषांतर करतेय आणि एका क्रियापदावर अडलेय. विषय असा: वाइन करून उरलेल्या द्राक्षाच्या बिया वाळवून भरडायच्या, जाड पोलादी नळकांड्यात भरायच्या आणि त्यातून शंभर अंशांच्या वर तापवलेलं पाणी दाबाखाली सोडायचं. दाबामुळे पाण्याची वाफ होत नाही. बियांमधली प्रोअँथोसायनिडिनं, म्हणजे तिथली मुख्य अँटिऑक्सिडंट, त्या पाण्यात उतरतात. मी लिहिलं 'बियांचा काढा करतात'. संपादकांनी लाल रेघ मारून 'निष्कर्षण' (एक्स्ट्रॅक्शन) केलं. मला तर निष्कर्ष म्हटलं की चौकशी समितीचा अहवाल आठवतो. काढ्यात काय चुकलं? काढलेला तो काढा ना?

खलबत्ता: नाही ना, तिथेच घसरलात! काढा 'काढणे'चा नव्हे, 'कढणे'चा. मूळ धातू क्वथ्. कढ येणे, कढत पाणी, कढी, लोणी कढवणे ही सगळी त्याचीच भावंडं. 'काढणे' आलं कृष् म्हणजे ओढणे यातून. दोघांचं नातं फक्त उच्चारापुरतं. काढ्याला कढ हवाच, शिवाय आटणंही हवं. आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधराचा हिशेब सोळा पट पाणी घालून आठवा हिस्सा उरवण्याचा आहे. तुमच्या नळकांड्यात पाणी उकळतही नाही आणि आटतही नाही.

आठळी: मग फांट म्हणा. आयुर्वेदातल्या स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट या पाच औषधकृतींतला शेवटचा. गरम पाण्यात भरड टाकायची, थोडं थांबून गाळायचं. रोजचा बिनदुधाचा चहा म्हणजे फांटच. अडचण एकच, आजचा वाचक फांट वाचून झाडाचा फांटा शोधेल.

(अवांतर: 'बिया' एवढ्यावरच का थांबलात? आंब्याची कोय, फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका, कपाशीची सरकी. द्राक्षाच्या बीला मात्र वेगळं नाव नाही, बिचारीला सगळे थुंकूनच टाकतात.)

सांडशी: प्रयोगशाळेत दिवस घालवलेत म्हणून लिहितो. फांट आणि हे, दोन्हींत पाणी गरमच. पण इथे पाण्याचा स्वभावच बदलतो. साध्या पाण्यात मीठ-साखर झटकन विरघळते, तेलकट स्वभावाचे पदार्थ विरघळत नाहीत, कारण पाण्याचे रेणू फार ध्रुवीय. हा गुण मोजणारा एक अंक आहे. २५ अंशांना पाण्याचा सुमारे ७८, मिथेनॉलचा ३३, इथेनॉलचा २४. पाणी दाबाखाली ठेवून २५० अंशांपर्यंत नेलं की त्याचा अंक २७ च्या आसपास येतो. म्हणजे पाणीच अल्कोहोलसारखं वागायला लागतं, आणि एरवी ज्यासाठी अल्कोहोल ओतावं लागतं ते काम बऱ्याच अंशी पाण्यात भागतं.

दाबाचं काम फक्त पाण्याला पाणी ठेवण्याचं. २०० अंशांना त्यासाठी सोळाएक बार पुरतात. घरच्या कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपासच थांबतो आपण.

खलबत्ता: मग 'अर्क' का नको? सगळ्यांना कळतो.

आठळी: कळतो, पण तो मूळचा ऊर्ध्वपातनाचा. अरबीत अरक म्हणजे घाम. वाफ थंड होऊन थेंब जमतात, तो अर्क. संस्कृतातला अर्क वेगळा, तो सूर्य किंवा रुई.

खलबत्ता: मूळ धरून बसलं तर अर्धी मराठी बाद होईल. व्हॅनिलाचा अर्क कुठे थेंबाथेंबाने गाळतात? 'अर्क आहे कार्टं' म्हणताना भट्टी कोणाच्या डोळ्यांपुढे येते? अर्कचित्रही चालतंच की. माझं मत अर्कालाच.

सांडशी: हाती आलेल्या द्रवाला अर्क म्हणा, माझी हरकत नाही. माझी शंका 'उतरतात' या शब्दावर आहे. तापमान फार चढवलं तर प्रोअँथोसायनिडिनं मोडतात. उलट बियांमधली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी भिडून तपकिरी संयुगं तयार होतात, भाकरीला डाग पडतात तशी. त्यांतली काही स्वतःच अँटिऑक्सिडंट गुण दाखवतात. म्हणजे चाचणीत आकडा वाढला तरी ते सगळं बीमधलं असेलच असं नाही, काही नळकांड्यातच जन्मलेलं असतं. कॅनडात जवसाच्या पेंडीतून लिग्नान नावाची अँटिऑक्सिडंट संयुगं अशाच पाण्याने काढताना १६० अंशांच्या आसपास काम झालं होतं. त्यामुळे लेखात तापमान काय दिलंय ते बघा आणि मगच क्रियापद निवडा.

गवतीचहा: लेखात १५० आहे. आणि अँटिऑक्सिडंटला काय करू? 'प्रतिऑक्सिडीकारक' लिहिताना माझीच जीभ अडखळते.

आठळी: शाळेत ऑक्सिडीकरण शिकवतात, तेव्हा 'ऑक्सिडीकरणरोधक' एकदा लिहा आणि पुढे अँटिऑक्सिडंट. तेलाच्या बाटलीवर वाचून तो शब्द आता घरचा झालाय.

गवतीचहा: असं पाठवलं: 'द्राक्षाचा चोथा वाळवून बिया वेगळ्या करतात आणि भरडतात. दाबाखाली १५० अंशांना द्रवरूपच राहिलेल्या पाण्याने त्यांचा अर्क काढतात.' उपक्रांतिक पाणी हा शब्द पुढच्या वाक्यात घातला: उकळबिंदूच्या वरचं, पण ३७४ अंशांच्या क्रांतिक तापमानाखालचं.

संपादकांचं उत्तर आलं. अर्क राहिला, चोथा आवडला. 'उपक्रांतिक'वर प्रश्नचिन्ह आहे, शेजारी लिहिलंय, 'कुठली क्रांती?'