मदत हवी आहे: सेल्सफोर्सचा डेटा पॉवर बीआयमध्ये आपोआप यायला हवाय, शेड्यूल चालूच होत नाही

साखर_कमी_चहा:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमचा सेल्सचा सगळा डेटा सेल्सफोर्सवर (ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर) आणि रिपोर्ट पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं साधन). लॅपटॉपवर रिफ्रेश मारला की सगळं व्यवस्थित येतं पण पब्लिश केल्यावर वेबवर शेड्यूल रिफ्रेश चालूच करता येत नाही, बटण करडं दिसतं. सध्या रोज सकाळी मी घरून लॅपटॉप उघडते, रिफ्रेश करते, परत पब्लिश करते, मग साडेआठला साहेबांची मीटिंग. पुढच्या आठवड्यात रजेवर चाललेय, तेव्हा हे कोण करणार? गूगल करून झालंय. सरळ स्टेप्स सांगा प्लीज.

खान्देशी_ठेचा:
गेटवे टाका, म्हणजे ऑफिसमधला डेटा पॉवर बीआयच्या सर्व्हरपर्यंत पोचवणारा प्रोग्राम. ऑफिसमधल्या कायम चालू असणाऱ्या एखाद्या मशिनवर इन्स्टॉल करायचा, त्याच अकाउंटने लॉगिन करायचं, झालं काम. आमच्याकडे कित्येक वर्षं असंच चाललंय.

घाटमाथा:
सेल्सफोर्स क्लाउडवर आहे, त्याला गेटवे कशाला? गेटवे लागतो तो तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कमधल्या डेटाला. उगाच एक मशीन रात्रंदिवस चालू ठेवायला लावू नका.
ताई, आधी हे सांगा: लायसन्स कुठलं? कनेक्टर (डेटा आणणारा जोड) कुठला, ऑब्जेक्ट्सवाला (मूळ टेबलं आणणारा) की रिपोर्ट्सवाला (सेल्सफोर्समधले तयार रिपोर्ट आणणारा)? आणि सेल्सफोर्सशिवाय अजून कुठून डेटा घेताय का?

खान्देशी_ठेचा:
आमच्याकडे पण क्लाउडच आहे आणि गेटवे टाकल्यावरच चाललं. अनुभवाने सांगतोय, पुस्तकातलं नाही.

कोकणकडा_७:
पॉवर बीआय सोडाच. गूगल शीटमध्ये सेल्सफोर्सचं ॲड-ऑन आहे, ४, ८ किंवा २४ तासांनी आपोआप रिफ्रेश होतं, त्यावर लुकर स्टुडिओ (गूगलचं रिपोर्ट बनवायचं साधन) जोडा. आमच्या छोट्या टीमचं सगळं यावरच चालतं.

साखर_कमी_चहा:
कंपनीने पॉवर बीआय घेतलंय, बदलणं माझ्या हातात नाही. लायसन्स प्रो. कनेक्टर रिपोर्ट्सवाला. बाकी डेटा नाही, सगळं सेल्सफोर्समधूनच. हां, रिपोर्टमध्ये ओळी २००० च येतात पण तो वेगळा विषय, तो नंतर बघू. आधी शेड्यूल.

घाटमाथा:
थांबा थांबा, बरोबर २०००? मग तो वेगळा विषय नाही, साहेबांना रोज अर्धवट आकडे जातायत. रिपोर्ट्सवाल्या कनेक्टरला २००० ओळींचीच मर्यादा आहे, त्यापुढच्या ओळी येतच नाहीत. ऑब्जेक्ट्सवाला कनेक्टर घ्या, त्यात ऑपॉर्च्युनिटी (संभाव्य सौदे), अकाउंट (ग्राहक कंपन्या) वगैरे टेबलं थेट येतात, मर्यादेचा प्रश्न नाही. फक्त टेबलं तुम्हाला स्वतः जोडावी लागतील आणि कॉलमची नावं सिस्टिममधली असतील. जेवढे कॉलम लागतात तेवढेच ठेवा.

पायथॉनप्रेमी:
यापेक्षा एक छोटी स्क्रिप्ट लिहा, सेल्सफोर्सच्या एपीआयवरून (प्रोग्रामने डेटा घ्यायचा मार्ग) डेटा उचला, डेटाबेसमध्ये टाका, पॉवर बीआयला डेटाबेस द्या. पूर्ण कंट्रोल तुमच्या हातात.

घाटमाथा:
आणि त्या रजेवर गेल्या की स्क्रिप्ट कोण बघणार? अडचण नेमकी तीच आहे ना.

सोलकढी:
धाग्याचा विषय नाही पण जाणकार दिसताय म्हणून विचारते. मुलगी बीकॉम झाली, तिला कोणीतरी सेल्सफोर्स ॲडमिनचा कोर्स सुचवलाय, फी बरीच आहे. करावा का?

पायथॉनप्रेमी:
@सोलकढी, आधी ट्रेलहेडवर शिकू द्या, कंपनीचीच साइट आहे, फुकट आहे. आवडलं तर पुढे परीक्षेचं बघा. क्लासला आत्ताच पैसे भरू नका.

साखर_कमी_चहा:
माझं शेड्यूल अजून करडंच आहे हो. कृपया विषयावर राहूया.

नदीकाठ:
डेस्कटॉपमध्ये ट्रान्सफॉर्म डेटाच्या बाणावर क्लिक करा, खाली डेटा सोर्स सेटिंग्ज आहे, ते उघडा. तिथे जी यादी दिसते ती जशीच्या तशी इथे लिहा.

साखर_कमी_चहा:
सेल्सफोर्स आहे आणि सी ड्राइव्हवरची टार्गेटची एक्सेल आहे. पण ती छोटीशी आहे, १२ महिन्यांचे आकडे फक्त, कुणी बदलतही नाही. तिचा काय संबंध?

नदीकाठ:
तिचाच संबंध आहे. पब्लिश केल्यावर रिफ्रेश तुमच्या लॅपटॉपवर होत नाही, तो त्यांच्या सर्व्हरवर होतो, आणि त्या सर्व्हरला तुमचा सी ड्राइव्ह दिसत नाही. एका मॉडेलमध्ये (रिपोर्टमागचा सगळा डेटा) एक जरी सोर्स असा असला की पूर्ण मॉडेलचंच शेड्यूल अडतं, फाईल एका ओळीची असली तरी.
फाईल शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टची कंपनीच्या फाईलींसाठीची ऑनलाइन जागा) टाका. मग ती ब्राउझरमध्ये नाही, एक्सेल ॲपमध्ये उघडा, फाईल, इन्फो, कॉपी पाथ. पाथच्या शेवटी प्रश्नचिन्हापासून जे वेब वगैरे येतं ते खोडायचं. पॉवर बीआयमध्ये गेट डेटा, वेब, तिथे तो पाथ, आणि साइन इन करताना ऑर्गनायझेशनल अकाउंट. जुना सोर्स पूर्ण काढा, नुसती नवीन क्वेरी वाढवून उपयोग नाही. पब्लिश करून वेबवर दोन्ही सोर्सचं एडिट क्रेडेन्शियल्स करा (म्हणजे लॉगिन भरा), प्रायव्हसी लेव्हल दोन्हीकडे ऑर्गनायझेशनल ठेवा, नाहीतर दोन टेबलं जोडताना फायरवॉलची एरर येऊ शकते.

खान्देशी_ठेचा:
म्हणजे मी म्हणत होतो तेच, लोकल फाईल आहे तर गेटवे लागतो.

घाटमाथा:
लोकल फाईल ठेवली तर लागतो, मान्य. पण १२ आकड्यांसाठी गेटवे सांभाळायचा, की फाईल हलवायची? मशीन बंद पडलं की रिफ्रेश बंद.

खान्देशी_ठेचा:
उद्या त्यांना टॅली किंवा ऑफिसमधला एसक्यूएल सर्व्हर जोडायचा झाला तर शेवटी गेटवेकडेच येणार. आत्ताच टाकलेला बरा.

कोकणकडा_७:
टार्गेटची फाईल गूगल शीटमध्ये ठेवा, शेअर करायला सोपी.

साखर_कमी_चहा:
शेअरपॉइंटवर टाकली, सोर्स बदलला, शेड्यूलचं बटण चालू झालं!! नदीकाठ, खूप खूप आभार. कनेक्टर आज रात्री बदलते. सकाळी ८ ची वेळ लावलीय, चालेल ना?

नदीकाठ:
८ नको, ७ करा. ठरलेल्या वेळेलाच सुरू होईल याची खात्री नसते, कधीकधी तासभरही उशीर होतो. प्रोमध्ये दिवसाला ८ वेळा लावता येतं, त्यामुळे ७ आणि साडेसात दोन्ही ठेवा. आणि टाइम झोन बघा, तिथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) राहिला असेल तर सकाळचे ७ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा.
रजेवर जाताय तर अजून एक, फेल झाल्याची मेल मॉडेलच्या मालकाला जाते, म्हणजे तुम्हाला. तिथेच खाली दुसऱ्या कुणाचा तरी ईमेल टाकायची सोय आहे, तो टाकाच. लागोपाठ ४ वेळा फेल झालं की शेड्यूल आपोआप बंद होतं. आणि रजेवर असताना सेल्सफोर्सचा पासवर्ड बदलू नका.

पायथॉनप्रेमी:
रिपोर्टमध्ये आजची तारीख पॉवर क्वेरीच्या (पॉवर बीआयमधला डेटा तयार करायचा भाग) लोकल-नाऊ या आत्ताची वेळ देणाऱ्या फंक्शनवरून घेतली असेल तर तीही यूटीसीच येईल, आदल्या दिवसाचे आकडे दिसतील.

घाटमाथा:
पहाटे साडेपाचच्या आधी रिफ्रेश केला तरच. ७ ला दोन्हीकडे तारीख एकच असते.

साखर_कमी_चहा:
तारीख तशीच घेतलीय, पण ७ चंच लावते मग. मेलसाठी ज्युनियरचा ईमेल टाकला. ऑब्जेक्ट्समधून घेतल्यावर रेकॉर्डच्या मालकाचं नाव यायच्या जागी नुसता लांबलचक आयडी येतोय, ते कुठल्या टेबलाशी जोडायचं?

घाटमाथा:
युजर टेबल. त्याचा आयडी तुमच्या ओनर आयडीशी जोडा.

सोलकढी:
@पायथॉनप्रेमी, ट्रेलहेडला इंग्रजी किती चांगलं लागतं?