घरून काम: वायरलेस मेश की कॅट ६ केबल?

तांब्याची_तार: फायबरचा डबा दारापाशी आणि कामाचं टेबल शेवटच्या बेडरूममध्ये, मध्ये तीन भिंती. अशा फ्लॅटमध्ये वायरलेस मेशवर (घरभर ठेवलेले, बिनतारी एकमेकांना जोडलेले वायफायचे डबे) पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोनच रेडिओ असलेल्या) मेशमधला दुसरा नोड, म्हणजे डबा, ज्या ५ गिगाहर्ट्झ रेडिओवर डेटा घेतो, त्याच रेडिओवरून लॅपटॉपला देतो. वेग जवळपास निम्मा होतोच, शिवाय जिटर (डेटा पोहोचायला लागणाऱ्या वेळेतला चढउतार) वाढतो. म्हणून स्पीड टेस्ट झकास आणि व्हिडिओ कॉल मात्र तुटक. कॅट ६ (नेटवर्कची केबल) ओढा, टोकाला पीओई ॲक्सेस पॉइंट (त्याच केबलमधून वीज घेणारा वायफायचा डबा) लावा. केबल शुद्ध तांब्याची हवी. तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. ती पीओईला व्होल्टेज पाडते आणि क्रिंप करताना (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) तुटते.

भाडेकरू_नेटवर्कवाला: असहमत. भाड्याच्या घरात घरमालक ड्रिल मारू देतो का? ट्रायबँड (तीन रेडिओच्या) मेशमध्ये नोडनोडमधल्या वाहतुकीला वेगळा रेडिओ राखता येतो, त्यामुळे तुमचा निम्म्या वेगाचा मुद्दा बराचसा गळतो. मेश बदनाम होतो तो चुकीच्या जागेमुळे. जिथे सिग्नल नाही तिथेच लोक नोड ठेवतात. मग त्याने पुढे द्यायचं काय? तो अर्ध्या वाटेवर, पॅसेजमध्ये ठेवा. तिथे मुख्य राउटरचा सिग्नल उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा, मिळायला हवा.

तांब्याची_तार: ड्रिल कशाला? भिंतीतल्या पाइपात जुनी टीव्हीची किंवा टेलिफोनची केबल असते. तिच्याच टोकाला कॅट ६ बांधून ओढा. अडलं तर जोर लावू नका, दुसऱ्या टोकाने फिश टेप (पाइपातून केबल ओढायची लवचिक पट्टी) घाला. विजेच्या वायरच्या पाइपात मात्र कधीही नाही. जोडल्यावर लिंक १०० एमबीपीएसवरच अडकली, तर आधी क्रिंपिंग तपासा. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात; निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नसेल तर लिंक १०० वर उतरते.

चॅनेल_अकरा: दोघेही मोजमाप न करताच भांडताय. केबलने जोडलेल्या एका मशीनवर आयपर्फ३ (घरातल्या नेटवर्कचा वेग मोजायचा प्रोग्राम) सर्व्हर म्हणून चालवा, लॅपटॉपवरून ३० सेकंद टेस्ट घ्या, मग उलट दिशेने घ्या. आकडे चांगले आले तर दोष वायफायचा नाही, पुढच्या इंटरनेट लाइनचा आहे. दाटीच्या सोसायटीत ५ गिगाहर्ट्झच्या चॅनेलची रुंदी ८० वरून ४० मेगाहर्ट्झ करा. कमाल वेग घटतो, पण शेजाऱ्यांच्या राउटरशी टक्कर कमी होते. २.४ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झच, चॅनेल १, ६ किंवा ११.

भाडेकरू_नेटवर्कवाला: रुंदीबाबत +१. चॅनेल ५२ ते १४४ निवडला तर रीबूटनंतर ५ गिगाहर्ट्झ किमान मिनिटभर गायब राहतं. रडार नाही ना, हे राउटर तपासत असतो. लोक लगेच पुन्हा रीबूट करतात आणि तो मिनिट परत सुरू होतो.

चॅनेल_अकरा: केबल ओढून जुनाच राउटर टोकाला लावणाऱ्यांसाठी: ॲक्सेस पॉइंट मोड नसेल तर त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर १९२.१६८.१.२, तोही डीएचसीपीच्या, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या, रेंजबाहेर हवा), मग जुन्या राउटरवरचं डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या वॅनमध्ये (इंटरनेटच्या पोर्टमध्ये) नाही, लॅन पोर्टमध्ये (घरातल्या नेटवर्कच्या) घाला. वॅनमध्ये घातली की डबल नॅट होतं, म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्कं बनतात, आणि दुसऱ्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही.