मदत हवी आहे: २४० टेक्स्टबॉक्समध्ये कोडमधून आकडे भरताना फॉर्म चार सेकंद अडकतो

नमस्कार मंडळी,

सी शार्प भाषा, विनफॉर्म्स (विंडोजवरचे फॉर्म बनवायची लायब्ररी), डॉट नेट फ्रेमवर्क ४.८. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडला आहे. एका फॉर्मवर आठ टॅब, प्रत्येकावर ३० टेक्स्टबॉक्स. वरच्या कॉम्बोबॉक्समधून नमुना क्रमांक निवडला की त्याची सगळी रीडिंग त्या २४० खोक्यांत बसायला हवीत. बसतात, पण चार सेकंद लागतात आणि डोळ्यांदेखत एकेक खोकं भरत जातं. क्वेरीवर संशय नको. स्टॉपवॉच लावून पाहिलं, डेटा ४० मिलिसेकंदांत हातात येतो.

आतापर्यंतचे उद्योग: आधीच्या माणसाने २४० ओळी हाताने लिहिल्या होत्या, त्या काढून लूप लावला. फॉर्मच्या कंट्रोल्स कलेक्शनमध्ये नावाने शोधलं तर नल, म्हणजे काहीच हाती नाही. अर्धा दिवस घालवल्यावर कळलं की त्यात फक्त थेट फॉर्मवर ठेवलेली कंट्रोल असतात, टॅबपेजच्या पोटातली नसतात. फाइंड मेथडचं दुसरं आर्ग्युमेंट ट्रू केल्यावर सापडली. मग वाटलं, दर वेळी अख्खं झाड धुंडाळतोय म्हणून वेळ लागत असेल. लोड होताना एकदाच रिकर्शनने फिरून नावांची डिक्शनरी केली. फरक नावापुरता. सस्पेंडलेआउट लावलं, तरी ढिम्म.

आता हे सगळं बॅकग्राउंड थ्रेडवर (मागे समांतर चालणारं काम) टाकू का?

प्रतिसाद १

थ्रेडच्या वाटेला जाऊ नका. कंट्रोल ज्या थ्रेडवर तयार झालं तिथूनच त्याला हात लावायचा असतो, नाहीतर क्रॉस थ्रेडचं एक्सेप्शन (चालू कोड तोडणारी चूक) येईल. ते टाळायला इनव्होक वापरलंत की काम फिरून यूआय थ्रेडवरच, म्हणजे पडदा सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवर. डेटा आणणं खुशाल मागे न्या, पण खोकी भरणं तिथे नेऊन काही साधत नाही.

सस्पेंडलेआउट कंट्रोलची जागा आणि आकार यांची फेरमांडणी थांबवतं. तुम्ही फक्त मजकूर बदलताय, त्यामुळे फरक पडला नाही यात नवल नाही.

टेक्स्टचेंज्डला (मजकूर बदलला की उठणारी इव्हेंट) काय जोडलंय ते सांगा. आणि लूपमध्ये डूइव्हेंट्स (साचलेले क्लिक, रंगकाम वगैरे मध्येच उरकून घेणारी मेथड) आहे का? एकेक खोकं भरताना दिसतंय म्हणून विचारतो.

धागालेखक

डूइव्हेंट्स आहे! जुन्या कोडमध्ये होतं म्हणून मीही ठेवलं. टेक्स्टचेंज्डला सगळ्या खोक्यांसाठी एकच हँडलर (इव्हेंट आली की चालणारी मेथड) आहे. तो सगळी रीडिंग वाचून सरासरी काढतो आणि मर्यादेबाहेरच्या खोक्यांना लाल रंग देतो.

प्रतिसाद १

मग सापडला की चोर. टेक्स्टचेंज्डला टाइप करणारा माणूस आणि तुमचा कोड यांतला फरक कळत नाही. २४० खोकी बदलली, प्रत्येक बदलाला २४० खोकी वाचली: ५७,६०० वेळा मजकुराचा आकडा करणं झालं. चेकबॉक्सच्या चेक्डचेंज्डचंही तसंच.

क्लासमध्ये 'भरणं चालू आहे' असा एक बूलियन ठेवा. लूपआधी ट्रू, फायनलीमध्ये, म्हणजे चूक झाली तरी चालणाऱ्या भागात, फॉल्स (फायनली विसरलात आणि मध्येच एक्सेप्शन आलं तर हँडलर कायमचा मुका). हँडलरच्या पहिल्या ओळीत तो ट्रू असेल तर परत फिरा. लूप संपल्यावर सरासरीचं काम एकदाच बोलवा. काही जण हँडलर काढून पुन्हा जोडतात. मला ते आवडत नाही, चुकून दोनदा जोडला तर दोनदा चालतो आणि शोधताना नाकी नऊ येतात.

डूइव्हेंट्स तर आजच काढा. ते नुसतं हळू नाही, धोक्याचं आहे. भरणं चालू असताना कुणी कॉम्बोबॉक्समधून दुसरा नमुना निवडला तर त्याचा लूप पहिल्याच्या पोटात सुरू होतो. तो संपला की पहिला उरलेली खोकी आपल्या आकड्यांनी भरतो. वर दुसऱ्या नमुन्याचा क्रमांक आणि खाली दोघांची खिचडी. कुणी सेव्ह दाबलं तर?

धागालेखक

बापरे. 'कधीकधी आकडे मिसळतात' अशी एक जुनी तक्रार यादीत पडून आहे. मला वाटत होतं डेटाबेसचा घोळ असेल.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं. एक आगाऊ प्रश्न: प्रत्येक टॅबवर ३० सारखीच खोकी असतील तर डेटाग्रिडव्ह्यू का नको? टेक्स्टबॉक्स म्हणजे विंडोजच्या लेखी प्रत्येकी एक स्वतंत्र विंडो. ग्रिडमधले सेल तसे नसतात.

धागालेखक

ग्रिडचं पटतंय, पण खोक्यांची मांडणी छापील तक्त्याबरहुकूम आहे आणि वापरणाऱ्यांचा हात त्यावर बसलाय. तूर्त नाही.

बूलियन लावला, डूइव्हेंट्स उडवलं. निवडल्या निवडल्या आकडे हजर, मोजायलाही वेळ मिळत नाही. फक्त समोरच्या टॅबवर रंग बदलताना किंचित लुकलुकतं. डबलबफर्ड (आधी मेमरीत रंगवून मग एकदम दाखवणं) फॉर्मला लावून पाहिलं, उपयोग नाही.

प्रतिसाद १

फॉर्मचं डबलबफर्ड त्याच्या स्वतःच्या रंगकामापुरतं असतं, आतली खोकी आपापलं रंगवतात. भरण्याआधी टॅबपेजच्या हँडलला सेंडमेसेजने डब्ल्यूएम सेटरीड्रॉ (रंगवणं थांबवणारा किंवा सुरू करणारा विंडोजचा संदेश) शून्य देऊन पाठवा, झाल्यावर एक देऊन, आणि मग रिफ्रेश. रिफ्रेश राहिलं तर जुनंच चित्र दिसत राहील. हेही फायनलीमध्येच.

धागालेखक

लुकलुक गेली. आता ती जुनी तक्रार उघडतो. कुठले नमुने मिसळलेले सेव्ह झालेत ते शोधायचंय.