एचईआय डिस्ट्रिब्यूटरची जोडणी

जुन्या गाडीत एचईआय ('हाय एनर्जी इग्निशन' ही जनरल मोटर्सची इलेक्ट्रॉनिक ठिणगी यंत्रणा) डिस्ट्रिब्यूटर बसवताना इग्निशन कॉइलकडे येणारी मूळ वायरच त्याच्या 'बॅट' (बॅटरीचा पुरवठा घेणाऱ्या) टर्मिनलला जोडावी, असे काही जण सांगतात; हे मत मला मान्य नाही. पॉइंटवर (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या यांत्रिक संपर्कांवर) चालणाऱ्या जुन्या शेवरले पिकअपमध्ये ती रोधक वायर असते (बाहेरच्या कापडी वेष्टणावरून ती ओळखू येते). पॉइंट जळू नयेत म्हणून ती व्होल्टेज मुद्दाम उतरवते, तर एचईआयला पूर्ण 12 व्होल्ट लागतात. स्टार्टर फिरताना त्याच्या सोलेनॉइडच्या (स्टार्टरला प्रवाह देणाऱ्या विद्युतचुंबकीय स्विचच्या) 'आर' टर्मिनलवरून थेट पुरवठा मिळत असल्याने इंजिन सहज सुरू होते आणि जोडणी बिनचूक असल्याचा समज होतो. परंतु भार पडताच ठिणगी अपुरी पडते.

मी जुनी वायर न काढता तिच्यावर फक्त रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) चालवला आणि बॅटरीपासून फ्यूजमधून रिलेच्या 30 व 87 (मुख्य प्रवाह जाणाऱ्या) टर्मिनलमार्गे 'बॅट'ला स्वतंत्र जाड वायर दिली. रिलेच्या गुंडाळीला अत्यल्प प्रवाह लागतो, त्यामुळे तिथे त्या रोधाची अडचण येत नाही.