फियाटला जिप्सीचं इंजिन आणि वर व्हिंटेज नंबर? दोन्ही एकत्र होत नाही

कॅम्पवाला (मूळ पोस्ट):
१९७४ ची फियाट हाताला लागली तर ओरिजिनलच्या नादाला लागू नका. मारुती जिप्सीचं इंजिन, तिचाच पाच गिअरचा बॉक्स, स्टिअरिंगजवळचा हँडगिअर काढून फ्लोअर गिअर, पुढं डिस्क ब्रेक. बाहेरनं क्रोम आणि रंग चकाचक करा आणि व्हीए नंबरचा (व्हिंटेज गाडीच्या खास नंबरचा) अर्ज टाका. रोज चालवा, लग्नाला भाड्यानं द्या, खर्च वसूल. तपासणीला बॉनेट कोण उघडतंय?

शहापूर गॅरेज:
ही पोस्ट खरी धरून कुणीतरी धड गाडी कापून टाकील, म्हणून लांबलचक लिहायलोय.

जुलै २०२१ चा केंद्राचा नियम वाचा की आधी. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली. चेसिस, बॉडी शेल, इंजिन यांत फेरफार चालत नाही. फियाट ११०० ला जीपसारखी वेगळी चेसिस नाहीच. बॉडी हीच चेसिस. फ्लोअर गिअरसाठी खालचा पत्रा कापला, जिप्सीच्या इंजिनाचं माउंटिंग बसवायला पुढचे मेंबर (बॉडीचे आधाराचे पट्टे) कापले, की गाडी नियमातनं बाहेर गेली. परत वेल्डिंग मारून ती मूळ होत नाही.

आणि बॉनेट उघडतात. राज्याची समिती गाडी तपासते, इंजिन नंबर आरसीशी ताडून बघते. मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ स्ट्रोक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड. जिप्सीचं इंजिन बघून फसेल असा माणूस त्या समितीत नसतो.

भाड्याचं तर बोलूच नका. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजचा वापर नाही, धंदा तर नाहीच.

कॅम्पवाला:
नियम पाठ आहे, चांगलं आहे. आता चोर्ला घाट उतरून दाखवा चार ड्रम ब्रेकवर. अर्ध्या घाटात पेडल खाली जातं, गाडी एका बाजूला ओढते. माणूस मेल्यावर ओरिजिनल गाडीचं काय करायचं?

आणि हिशोब बघा. साधी नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायला, २० वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. दहा वर्षांत २०,०००. व्हिंटेजची पहिली फी पण २०,०००, मुदत दहा वर्षं. तेवढ्याच पैशात एकीकडं गाडी रोज फिरवा, दुसरीकडं झाकून ठेवा. व्हीए नंबर पाहिजेच कशाला?

शहापूर गॅरेज:
हिशोब पहिल्या दहा वर्षांपुरता बरोबर आहे, ते मान्य. पुढं व्हिंटेजला दहा वर्षांचे ५,०००, साध्याला २०,०००. पण ज्याला गाडी रोज चालवायची आहे त्यानं साधीच नोंदणी ठेवावी, यात माझं भांडण नाही. तुमच्या पोस्टमध्ये मात्र इंजिन बदलून वर व्हीए नंबर घ्या असं लिहिलंय. आणि साध्या नोंदणीतसुद्धा इंजिन बदल मंजुरीशिवाय चालत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे.

ब्रेकचं ऐका. ड्रम वाईट नाहीत, काम अर्धवट होतं. नुसतं लायनर चिकटवून गाडी देतात. ड्रम लेथवर गोल करायला पाहिजे, आणि एका एक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला. एक मोठा, एक लहान ठेवला की गाडी ओढणारच. नवं लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवायचं. नाहीतर मधलीच पट्टी टेकते, तेवढीच तापते आणि घाटात ब्रेक धरत नाही. व्हील सिलिंडरचं रबर गळत असेल तर तेल लायनरवर येतं, मग ते लायनर धुऊन चालत नाही, फेकायचं. चौथी गोष्ट कुणी बघत नाही: ब्रेकची रबरी नळी. बाहेरनं चांगली दिसते, आतनं फुगलेली असते. तेल जातं, परत येत नाही, चाक जाम राहतं. नळ्या सगळ्या बदला, तेल दोन वर्षांनी बदला.

खानापूर रोड:
ब्रेक राहू द्या, आधी पत्रा बघा. आमच्याकडच्या पावसात फियाटचा सिल (दाराखालचा बॉडीचा पट्टा) आणि दाराचा तळ आतनं कुजतो. दाराखालची पाणी जायची भोकं मातीनं बुजलेली असतात. लोक वर लांबी (पुट्टी) थापतात, दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात, कारण लांबी पाणी पिते. कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापा, २० गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या, सीओटू वेल्डिंगनं टाके मारत जोडा. सलग वेल्डिंग मारलं की पत्रा वाकतो. मग इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर लांबी, दोन मिलिमीटरच्या आत. जुलैत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारू नका, दमट हवेत पांढुरका पडतो.

निपाणी बायपास:
तुम्ही पत्रा आणि ब्रेकवर भांडा. खरी अडचण पासिंगची आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. निपाणी, चिकोडी, बेळगाव, जुनी गाडी बघायला गेलं की एमएच ०९. कोल्हापुरात घेतलेली, मालक वारलेला, आरसी हातानं लिहिलेली. सीमेच्या दोन्ही बाजूला आमचीच घरं, आमचीच शेती, आणि गाडीला मात्र दोन राज्यांचे कागद. आधी सरळ एनओसी काढून केए २३ करून घ्या, मग व्हिंटेज बघा. नाहीतर प्रत्येक नाक्यावर अडवतात.

टिळकवाडी कागदपत्र:
हा सल्ला कृपया कुणी पाळू नका. नोंदणी असलेली गाडी व्हिंटेज करताना तिचा मूळ नंबर ठेवता येतो. आधी दुसऱ्या राज्याचा नंबर घेतला की जुना नंबर गेला. तीन अक्षरी नंबर असेल तर ते नुकसान भरून येत नाही.

आणि तुमच्या वाक्यातच एक खूण आहे. राज्याची दोन अक्षरं आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८९ ची. १९७४ च्या गाडीला एमएच ०९ असेल तर तिचा नंबर मध्ये एकदा बदललाय. तेव्हा पहिल्या नोंदणीची तारीख आरसीत नीट उतरलीय का ते आधी तपासा. ५० वर्षं त्या तारखेपासून मोजतात, गाडी कारखान्यातनं निघाली तेव्हापासून नाही.

निपाणी बायपास:
तुम्ही नंबर जपा, आम्ही दंड भरतो! बेळगावात बसून बोलणं सोपं आहे. रोज कागलची हद्द ओलांडणाऱ्याला विचारा.

टिळकवाडी कागदपत्र:
ओरडून कागद होत नाहीत. कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो, त्याच्या आत नाही. कोणी अडवलं तर हे दाखवा. कर किती लागतो ते अर्ज टाकायच्या आधीच आरटीओत लेखी विचारून घ्या.

क्रम असा ठेवा. हातानं लिहिलेल्या आरसीची नोंद ऑनलाइन नसते, म्हणून जिथली नोंदणी त्याच आरटीओत बॅकलॉग एन्ट्री. ती झाल्याशिवाय पुढचा एकही अर्ज सरकत नाही. मग मालक वारला असेल तर फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद. वारस आपल्याकडं कर्नाटकात राहत असतील तर नाडकचेरीतनं (महसूल कार्यालयातनं) वंशवृक्ष, म्हणजे वारसांचा दाखला, काढून ठेवा. वारसाच्या नावावर झाल्यावर विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. आरसीवर जुन्या कर्जाचा शिक्का असेल तर फॉर्म ३५. कर्ज कधीच फिटलेलं असतं, शिक्का तसाच राहतो आणि सगळं तिथंच अडकतं. एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागलीच तर शेवटी.

व्हिंटेजचा अर्ज फॉर्म २० वर, विमा आणि जुनी आरसी जोडून, परिवहन पोर्टलवर. मंजूर झाला की ६० दिवसांत फॉर्म २३ए मिळायला पाहिजे.

निपाणी बायपास:
बॅकलॉगचं माहीत नव्हतं. पण दोन राज्यांच्या मध्ये आमची फरफट होते हे तुम्ही एका शब्दानं म्हणत नाही, त्याचा राग आहे.

टिळकवाडी कागदपत्र:
होते. म्हणूनच क्रम सांगितला, उलट्या क्रमानं गेलं की दोन्हीकडं दोनदा फेऱ्या होतात.

कॅम्पवाला:
सगळं ठीक. पण ब्लॉकच फुटलेला असेल तर? ६० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) बोअर आधीच झालेला, पिस्टन मिळत नाही. तेव्हा पण मूळ इंजिनच धरून बसायचं?

उद्यमबाग लेथ:
होय, धरून बसायचं. ६० थाऊच्या पुढं गेलेला ब्लॉक फेकायचा नसतो, स्लीव्ह (आतली नळी) घालायची. ब्लॉक बोअर करून कोरडी स्लीव्ह दाबून बसवली, वरचा काठ ब्लॉकला सपाट केला, परत ६८ मिलिमीटरला फिनिश करून होनिंग (आतनं दगडानं घासणं) केलं की स्टँडर्ड पिस्टन चालतो. होनिंगच्या रेषा एकमेकींना तिरक्या छेदल्या पाहिजेत, गुळगुळीत बोअरमध्ये रिंग बसत नाहीत आणि गाडी तेल पिते. रिंगचा गॅप ०.२० ते ०.३० मिलिमीटरच्या मध्ये. कमी ठेवला तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते.

पाण्याच्या जागेत तडा असेल तर मेटल स्टिचिंग करा, म्हणजे वेल्डिंगशिवाय धातूच्या पिनांनी तडा शिवणं. बीडाला (ओतीव लोखंडाला) साधं आर्क वेल्डिंग मारलं की शेजारी दुसरा तडा जातो. बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉप इतके आहेत की या कामाला पुण्याला जायची गरज नाही. ब्लॉक वाचला की इंजिन नंबर वाचला.

हेडचं पण सांगतो. अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा गरम झालं की वाकतं. पट्टी ठेवून फीलर गेजनं बघा, मगच प्लेनिंग (मशीनवर सपाट करणं). वाकलेल्या हेडवर तसंच नवं गॅस्केट मारलं तर काही दिवसांतच परत पाणी तेलात येतं. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. पंपाचा जुना डायफ्राम आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या त्यात टिकत नाहीत, नळ्या व्हायटॉनच्या टाका. टाकीत पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकी आतनं गंजते.

कॅम्पवाला:
स्लीव्ह घातली, बोअर केला, तो इंजिनात फेरफार नाही का मग? तुमच्याच नियमानं?

शहापूर गॅरेज:
कंपनीच्या मापात परत आणणं ही दुरुस्ती. कंपनीनं कधी न बसवलेली वस्तू घालणं हा फेरफार. तरी समितीला शंका येऊ नये म्हणून कामाची बिलं आणि सुट्या ब्लॉकचे फोटो जपून ठेवा, नंबर दिसेल असे.

कॅम्पवाला:
बरं. पोस्टमधलं व्हीए नंबरचं आणि भाड्याचं वाक्य काढतो. जिप्सीच्या इंजिनाबद्दल माझं मत तेच आहे, साध्या नोंदणीवर, मंजुरी घेऊन. आणि व्हिंटेजवाल्यांनी रंगाच्या आधी काय करायचं ते पण एकदा सांगून टाका.

शहापूर गॅरेज:
सँडब्लास्टिंगला देण्याआधी चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घ्या, दोन-तीन प्रती. नंबर कोरलेल्या पत्र्यावर जाड टेपचे तीन-चार थर लावा आणि तेवढा भाग मागनं हातानं पॉलिश पेपरनं साफ करा. कोरीव उथळ असतं, वाळूचा मारा बसला की आकडे पुसतात. परत पंच करायचा असेल तर आरटीओची परवानगी लागते, गॅरेजवाल्याला पंच मारू देऊ नका.